पेरुंगुडीचं सोवळं

आमची मुक्ता घरी का येत नाही, हे नातेवाईकांना समजावून सांगणं हा गेल्या वर्षभरात माझा जोडधंदा झाला आहे. मूळ धंदा कराडच्या पेठेतलं साड्यांचं दुकान.

"तिला पेशींना जेवायला घालावं लागतं हो," मी सांगतो.

"कुणाच्या पेशी?"

"तिच्याच. म्हणजे तिच्या नव्हेत, तिने वाढवलेल्या."

यावर समोरचा माणूस माझ्याकडे न बघता माझ्या बायकोकडे, वसुधाकडे बघतो, आणि ती मान हलवून 'खरं आहे' म्हणते. तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसतो. माझी चुलतबहीण तर म्हणाली, "त्यापेक्षा म्हैस बरी दादा. चार दिवस शेजारी तरी बघतात."

मुक्ता चेन्नईतल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करते. स्मृतिभ्रंशात मेंदूतल्या चेतापेशी नेमक्या कशाने मरतात, हा तिचा विषय. तो तिला कुठे सापडला हे घरात कुणी विचारत नाही, कारण तो आमच्या माजघरात बसून मेथी निवडत असतो. माझी आई. निवडून झाली की ती पानं आणि काड्या पुन्हा एकत्र करते आणि समाधानाने म्हणते, "झालं बाई एक काम."

दिवाळीपर्यंत तिला सगळी माणसं कळत होती. मग एकेक गळायला लागलं. थोरली जाऊ गेली, समोरचे डॉक्टर गेले, म्हणजे आहेत हो ते, आईच्या लेखी गेले. मुक्ताचं नाव मात्र अजून रोज निघायचं. "अजून ओळख आहे तोवर नातीला भेटवून घ्या," असं डॉक्टरच म्हणाले. मुक्ताला फोन केला. तिच्या पेशींचा हा घाणा पोंगलच्या सणात पुरा होणार होता. नीट पार पडला तर तिला पंधरा दिवस रजा होती. नासला तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे तीन-चार महिने चेन्नई सोडायची नाही.

"आणि तोवर आजी..." एवढं म्हणून ती थांबली.

वसुधाला आईला सोडून हलता येत नव्हतं. तिने माझी बॅग भरली. "जाताना एकटे जा, येताना तिला घेऊन या. आणि तिथे जाऊन काही मदत करू नका."

ही शेवटची सूचना मी हसण्यावारी नेली.

भोगी

चेन्नईत उतरलो तो भोगीच्या सकाळी. आमच्याकडे भोगी म्हणजे लेकुरवाळी भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि न्हाणं. तिकडे लोक घरातलं जुनंपानं दारात आणून जाळतात. फाटक्या चटया, मोडक्या टोपल्या. सगळा रस्ता धुरकटलेला आणि त्या धुरातून माकडटोपी घातलेले लोक फिरायला निघालेले. मला हाफ शर्टात घाम फुटला होता आणि रिक्षावाल्याने कानाला मफलर गुंडाळला होता. त्यांची थंडी ही श्रद्धेची बाब आहे, असं मला नंतर चार दिवसांत कळलं.

मुक्ता पेरुंगुडीत राहते. एका बाजूला काचेच्या कचेऱ्यांचा मोठा रस्ता, दुसऱ्या बाजूला दलदल. दलदलीत रोहित पक्षी एका पायावर उभे, आणि पलीकडे कचऱ्याचं मैदान. दोघांचं एकमेकांशी बरं चाललेलं दिसलं.

तिच्या घरमालकीण रुक्मिणीबाई. वय सत्तरीच्या पुढे, नऊवारी नाही पण काठाची नेटकी साडी, नाकात दोन्हीकडे चमक्या. तंजावरकडचं मराठी घराणं. त्यांचे पूर्वज तिकडे गेले ते गेलेच, भाषा मात्र बरोबर घेऊन गेले आणि वाटेत तिच्यावर तमिळ चढत गेलं. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहायची माझी ताकद नाही. शब्द आपले वाटतात, चाल मात्र परक्या गाण्याची.

"यावें, सुधाकरराव," त्या म्हणाल्या. मला राव म्हणणारं कराडात कुणी नाही. मी ताठ झालो. "प्रवास सुखें झाला की? अय्यो, किती घाम! आधी कापी घ्या."

कापी म्हणजे फिल्टर कॉफी. पेला आणि डबरा अशी जोडी समोर आली. उंचावरून ओतून गार करायची असते. मी ती उंचावरून माझ्या मांडीवर गार केली.

रुक्मिणीबाईंचं सोवळं कडक. त्यांच्याकडे त्याला मडि म्हणतात. न्हाऊन नेसायचं ते कुणाचा हात न लागता वाळवलेलं लुगडं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी कुणी यायचं नाही. मी मुक्ताला हळूच विचारलं, "तुझं कसं जमतं गं इथे?" कारण ही तीच मुलगी, जिने बारावीत असताना माझ्या आईच्या सोवळ्यावर शाळेत निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं.

"बाबा, माझं सोवळं त्यांच्यापेक्षा कडक आहे."

मग तिने सांगितलं. प्रयोगशाळेत पेशींच्या खोलीत शिरताना कोट, टोपी, मास्क, हातमोजे. हातमोज्यांवर स्पिरिट. बाटलीवर स्पिरिट. बाटलीचं झाकण उघडून खाली ठेवायचं नाही. उघड्या थाळीवरून हात न्यायचा नाही, त्यावर बोलायचं नाही. आणि सगळ्यात मोठं विटाळाचं भांडं रुक्मिणीबाईंच्या स्वयंपाकघरात होतं. इडलीचं पीठ.

"पीठ आंबतं ते त्यातल्या यीस्टमुळे आणि जिवाणूंमुळे. त्यातला एक कण जरी पेशींत गेला, तर गुलाबी पाणी पिवळं पडतं, गढूळ होतं, आणि दोन दिवसांत संपलं सगळं. गणपतीत माझा एक घाणा असाच गेला. कशाने ते अजून कळलेलं नाही."

म्हणून मुक्ता स्वयंपाकघरात जात नाही, त्यांच्या मडिमुळे. आणि रुक्मिणीबाई पीठ कालवलं की न्हाल्याशिवाय मुक्ताच्या खोलीकडे जात नाहीत, हिच्या मडिमुळे. दोघींचं उत्तम जमतं. "तुमची लेक शुद्ध आचाराची आहे," असं त्या मला म्हणाल्या तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. त्या घरात ओवळा असा मी एकटाच होतो.

पोंगल

सकाळी अंगणात नवं पितळी भांडं, गळ्यात हळदीचं ओलं रोप बांधलेलं, त्यात दूध आणि तांदूळ. शेजारचे, वरच्या मजल्यावरचे सगळे गोल उभे. मला पुढची जागा दिली होती. दूध वर यायला लागलं. आमच्या घरी दुधावर नजर ठेवण्याचं काम तीस वर्षं माझ्याकडे आहे, आणि ते ऊतू जाऊ देणं हा माझ्याविरुद्धचा मुख्य आरोप. तेव्हा दूध काठाला आल्याबरोबर मी चपळाईने पुढे झालो आणि शेगडी बंद केली.

सगळ्यांनी भांड्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"बाबा," मुक्ता दातांतून म्हणाली, "ते ऊतू घालवायचं असतं."

आमच्याकडेही रथसप्तमीला दूध ऊतू घालवतात, हे मला तेव्हा आठवलं. रुक्मिणीबाईंनी शांतपणे शेगडी पुन्हा पेटवली. "असूंद्या. यंदा सूर्याला दोनदा बोलावूं." दूध ऊतू गेलं, लोक 'पोंगलो पोंगल' ओरडले आणि मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडलो.

दुपारी गोड पोंगल आणि वांग्याची रसवांगी जेवून मी मुक्ताबरोबर प्रयोगशाळेत गेलो. सण असल्याने बाकीचे सगळे गावी गेले होते. सगळ्यांच्या पेशी तिच्या गळ्यात. मला आतल्या खोलीत अर्थातच घेतलं नाही. काचेच्या बाहेर एका स्टुलावर बसवलं आणि सूक्ष्मदर्शकाला जोडलेला पडदा माझ्याकडे वळवला.

मी काय अपेक्षा केली होती कुणास ठाऊक. पडद्यावर दिसलं ते झाडांच्या मुळ्यांसारखं, नाजूक, लांबच लांब तंतू एकमेकांकडे निघालेले, मधे मधे गोल ठिपके.

"कुणा माणसाच्या रक्तातल्या या पेशी. त्यांना उलटं लहान केलं, आणि मग चेतापेशी व्हायला शिकवलं. अडीच महिने झाले."

"काय खातात?"

"हेच गुलाबी पाणी. साखर, मीठ, जीवनसत्त्वं. दर दोन दिवसांनी अर्धं काढायचं, अर्धं नवं घालायचं."

"अर्धंच का?"

"सगळं एकदम बदललं तर घाबरतात."

हे मला फार आवडलं. आईचंही असंच झालं आहे. खोलीतला पलंग हलवला तर दिवसभर दाराशी उभी राहते.

मग मी तो प्रश्न विचारला, जो विचारायला मी हजार किलोमीटर आलो होतो. "मरतात कशाने गं या?"

मुक्ता गावी गेलेल्यांच्या पेशींना वाढत होती, पाठमोरी, हात गाळलेला वारा सोडणाऱ्या कपाटात, तोंड कपाटाच्या काचेबाहेर. मला बाहेर तिचा आवाज स्पीकरवरून येत होता. चेतापेशीचा तंतू फार लांब असतो, ती म्हणाली. एका टोकाला बनलेला माल दुसऱ्या टोकाला न्यायला आत रुळांसारख्या नळ्या असतात. टाऊ नावाचं एक प्रथिन त्या नळ्यांना धरून ठेवतं. आजारात त्या टाऊवर नको तेवढे फॉस्फेटचे कण चिकटतात, तो नळ्या सोडून देतो, त्याची घडी बिघडते आणि मग सुटलेले टाऊ एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात. माल पोचत नाही. बाहेर अमायलॉइड नावाच्या दुसऱ्या प्रथिनाची कीटं साचतात. पेशीची ऊर्जा बनवणारी यंत्रं थकतात. आतला कचरा उचलणारी व्यवस्था तुंबते. आणि वाईट म्हणजे, बिघडलेल्या घडीचा एक टाऊ शेजारच्या चांगल्या टाऊलाही तशीच घडी पाडतो.

इथे मी खुर्चीत, म्हणजे स्टुलावर, पुढे सरकलो. घड्यांचा विषय निघाल्यावर मला गप्प बसवत नाही.

"हे मला माहीत आहे! रेशमी साडी एकदा वाकडी घडी पडून आठ महिने गठ्ठ्यात राहिली, की तिच्या वरच्या-खालच्या साड्यांनाही तोच वळसा पडतो. मग कितीही सरळ करा, दुकानात ठेवली की ती आपली परत तिथेच मोडते."

मुक्ताचा हात क्षणभर थांबला. "साडीची घडी दुसऱ्या साडीला वजनाने पडते, बाबा. इथे ती स्पर्शाने पडते. पण... चालेल. बऱ्यापैकी चालेल."

माझ्या शैक्षणिक आयुष्यातलं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र.

"मग यातलं पहिलं काय बिघडतं? गुठळ्या, कीट, ऊर्जा की कचरा?"

"त्यावरच तर सगळ्या जगाचं भांडण आहे."

तिचा प्रयोग साधा होता, असं ती म्हणते. सगळ्या पेशींना बिघडलेल्या टाऊचं बी दिलं होतं. अर्ध्यांना एक औषध दिलं होतं, कचरा उचलणाऱ्या व्यवस्थेला जोर देणारं. काणुम पोंगलला, म्हणजे दोन दिवसांनी, रंग घालून बघायचं. कोण जगलं, कोण नाही. तोवर एवढंच जपायचं, की बाहेरचं काही आत जाऊ नये.

माट्टू पोंगल

हा गाईगुरांचा दिवस. आपल्या बैलपोळ्यासारखा. पेरुंगुडीसारख्या ठिकाणी काचेच्या इमारतींसमोर शिंगं रंगवलेल्या गाई गळ्यात हार घालून रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या.

मुक्ता सकाळीच गेली. शेवटचं जेवण घालायचं होतं. मी रिकामा. रुक्मिणीबाई न्हाऊन ग्राइंडरमधलं पीठ काढत होत्या, आणि त्यांच्या मनगटाला लचक भरली होती. उंबऱ्याबाहेर पातेलं ठेवून त्या म्हणाल्या, "राव, हात द्याल की? चमच्यानें नको. हातानें कालवा. थंडीत पीठ हाताच्या उबेवांचून फुगत नाही."

त्या चोवीस अंशांच्या कडाक्याच्या थंडीत मी बाह्या सरसावल्या. मदत करू नका, असं वसुधाने बजावलं होतं. पण समोर एक म्हातारी बाई, मला राव म्हणणारी. मी कोपरापर्यंत पिठात गेलो. फार मजा आली. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, चष्मा टेबलावर राहिला. त्याच्याशिवाय मला थाळीतल्या खळग्यांच्या कडा दिसत नाहीत. पटकन आणून द्याल?"

मी हात साबणाने स्वच्छ धुतले. दोनदा. हे मी मुद्दाम सांगतो. चष्म्याच्या काचांवर बोटांचे ठसे होते. मुलगी बारीक काम करते, म्हणून प्रेमाने त्या सदऱ्याच्या टोकाने पुसल्या. रिक्षा केली, तीन गाईंना वळसा घातला, फाटकाशी तिच्या हातात चष्मा दिला. ती "थँक्यू बाबा" म्हणून पळाली.

परतताना रिक्षाच्या आरशात मी स्वतःकडे कौतुकाने पाहिलं. सदऱ्याच्या टोकाला, जिथे काचा पुसल्या होत्या, तिथे पीठ वाळून पापुद्रा धरला होता.

रिक्षा वळवली. फोन लावला, ती उचलेना, कारण फोन बाहेर कपाटात असतो. हेही सोवळ्यातच येतं. फाटकावरचा पहारेकरी मला आत सोडेना. मी त्याला हिंदीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं, शेवटी मराठीत रडकुंडीला आलो. तेव्हा त्याने मला पाणी दिलं.

मुक्ता बाहेर आली ती काम संपवूनच.

"मुक्ता, मी पीठ कालवलं होतं," मी म्हणालो आणि सदरा दाखवला. "याने पुसला."

ती सदऱ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही हात धुतले होते?"

"हात धुतले होते."

"सदरा नव्हता धुतलात."

"नाही."

"मी चष्मा आत नेताना पुसला का... आठवत नाही मला." तिने कपाळाला हात लावला. "घाईत होते. काहीच आठवत नाहीये. बाबा, उद्या सकाळपर्यंत काही करता येत नाही. यीस्ट असेल तर उद्या दिसेल."

घरी आलो. रुक्मिणीबाईंना सांगितलं. त्या उंबऱ्याशी बसल्या. "मी सांगितलें हातानें कालवा. माझीही चूक." मग थोड्या वेळाने, "पण सदऱ्यानें कोण चष्मा पुसतें, राव?"

वसुधाला फोनवर सांगायचं धाडस नव्हतं, पण तिने आवाजावरून ओळखलं. "काय मदत केलीत?" एवढंच विचारलं. मग म्हणाली, "आज आई दोनदा विचारत होत्या. मुक्ता कुठवर आली म्हणून."

त्या संध्याकाळी जेवणात काय होतं ते मला सांगता येणार नाही. प्रवासवर्णन लिहिणाऱ्याला हे शोभत नाही, पण खरं आहे.

काणुम पोंगल

या दिवशी सगळं चेन्नई समुद्रावर लोटतं. आम्ही उलट्या दिशेने प्रयोगशाळेत. मी परवाच्याच स्टुलावर, सदरा बदललेला, हात मांडीवर. आज मला पडदा दाखवायला ती विसरली. काचेपलीकडे ती एकेक थाळी इनक्युबेटरमधून काढायची, उजेडात धरायची, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, बाजूला करायची. तोंडावर मास्क, डोक्याला टोपी. मधे दिसायचा तो फक्त चष्मा, आणि त्यावर दिव्याचं प्रतिबिंब. चेहऱ्यावरून काही कळायची सोयच नव्हती. साड्या दाखवताना गिऱ्हाइकाच्या भुवईवरून मी भाव ओळखतो. इथे भुवईही झाकलेली.

शेवटची थाळी तिने दोनदा पाहिली.

मग स्पीकरवर आवाज आला. "स्वच्छ आहेत."

"सगळ्या?"

"सगळ्या. गुलाबी."

मी उठून उभा राहिलो आणि स्टूल पडलं.

"म्हणजे मी पुसला होता चष्मा," ती म्हणाली. "हाताने आपोआप केलं असणार. बाहेरून आलेल्या वस्तूला स्पिरिट लावल्याशिवाय हात पुढे जातच नाही आता." मग थोडं थांबून, "आणि तुम्ही दिलेली असेल तर दोनदा."

एवढ्या वर्षांत लेकीने बापाला किती नेमकं ओळखलंय! मी मनोमन तिच्या सोवळ्याला नमस्कार केला.

पेशी जागच्या जागी थिजवणारं द्रव्य तिने घातलं. आता त्यांना जेवण नको होतं. मग रंग. दुपारी पडदा माझ्याकडे वळला. काळोखात हिरवे तंतू चमकत होते. एका बाजूच्या खळग्यांत तुटक, दाण्यादाण्यांचे, जसं कुणी धागा ठिकठिकाणी कुरतडला असावा. दुसऱ्या बाजूला, औषधाच्या, बरेचसे सलग. माझ्यासारख्याला दिसण्याइतके.

"लागू पडलं की गं!"

"एका घाण्यात. अजून दोनदा करून बघायचं, दुसऱ्या माणसांच्या पेशींवर. आणि थाळीत जे होतं ते डोक्यात होईलच असं नाही." पण तिचा आवाज हसत होता.

"आजीला...?"

तिने हातमोजे काढले, उलटे करून, एकात एक, जसे तिथे काढतात. "नाही बाबा. हे आजीपर्यंत नाही पोचणार. म्हणून तर मी येतेय."

संध्याकाळी रुक्मिणीबाईंना घेऊन आम्हीही समुद्रावर गेलो. माणसांमुळे पाणी दिसत नव्हतं, पण त्याचा आवाज येत होता. ओलं खोबरं आणि कैरी घातलेलं हरभऱ्याचं सुंडल कागदाच्या पुडीत घेऊन आम्ही वाळूत बसलो. रुक्मिणीबाईंनी बाहेरचं काही खाल्लं नाही. त्यांनी घरून डब्यात दहीभात आणला होता. त्यातला एक घास मात्र त्यांनी मुक्ताच्या हातावर ठेवला. मला नाही.

कराड

घरी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. आई माजघरात दाराकडे तोंड करून बसली होती, मांडीवर मेथी. माझ्या दोन्ही हातांत बॅगा, खांद्याला रुक्मिणीबाईंनी दिलेली मुरुक्कूची, म्हणजे तिकडच्या चकल्यांची, पिशवी. मुक्ता माझ्यामागे, उंबऱ्याशीच घुटमळली. वसुधा स्वयंपाकघराच्या दारात उभी.

आईने मान वर केली. बराच वेळ बघितलं.

"मुक्ता, किती उशीर गं! वाळलीस," ती म्हणाली आणि मेथी बाजूला सारून हात पुढे केले. मुक्ता धावलीच. आई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली, कान ओढून पाहिला, कानात काही घातलं नाहीस म्हणून रागावली. सगळं जसंच्या तसं. वसुधा पदराने डोळे पुसत होती आणि मी बॅगा धरून वेड्यासारखा हसत होतो.

मग आईची नजर माझ्यावर आली. आपादमस्तक न्याहाळलं. मुक्ताच्या कानाशी वाकून, पण मला ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली, "सामान चांगलं सांभाळून आणलंन हो या माणसाने. पाणी दे त्याला. आणि जेवूनच जा म्हणावं, लांबचा दिसतो."

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. मी बॅगा खाली ठेवल्या.

"जेवेन आजी," मी म्हणालो, आणि हातपाय धुऊन पाटावर बसलो.